घरचा कर्ता आणि सहा डब्या

"झाकण बघा केवढं घट्ट! आन् आत घालायचं काय, तर ते! मीठ ऱ्हायलं असतं ह्यात पावसाळाभर, एक खडा ओला झाला नसता."

कुडाच्या न्हाणीत डोक्यावर पाण्याचा मग उपडा करायच्या बेतात असलेली लुसुंगू तशीच थांबली. कुडापलीकडे, हातभर अंतरावर, नाबांदा आजी कोंबड्यांशी बोलत होती.

"आमच्या वेळचा डॉक्टर जीभ बघायचा, डोळं बघायचा. आता तोंड सोडलं आन् दुसऱ्या टोकाला लागलं. जा गं काळे, तूबी ऱ्हा रांगेत. तुलाबी मिळंल डबी."

लुसुंगूने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. त्या नादात साबण डोळ्यात गेला आणि ती हळूच शिवी हासडून गेली.

"आन् कोंबड्यांनो," पलीकडून आवाज आला, "कुणाच्या डोळ्यात साबण गेला असंल तर म्हणावं, मडक्यात आनखी पानी हाय."

आजीचं कोंबड्यांशी बोलणं म्हणजे वेडेपणा नव्हता, सोय होती. कालुम्बू गावात सासूने जावयाच्या तोंडाकडे बघायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पायवाटेवर समोरासमोर गाठ पडली तर एकाने गवतात उतरायचं. पण एका अंगणात राहायचं म्हटलं की कुंपण मोडतं, शेळी सुटते, छपरातून पाणी गळतं. ते कुणाला तरी सांगावंच लागतं. म्हणून आजी कोंबड्यांना सांगायची, "कुंपण मोडलंय गं." तिचा जावई लामेक कुंपणापाशी जाऊन आपल्या कुदळीला सांगायचा, "चल, बघू या." थोरलं पोर शाळेत जायला लागलं तरी सासू-जावयाने एकमेकांना सरळ शब्द म्हणून टाकला नव्हता. कोंबड्या मात्र साऱ्या घराच्या भानगडी जाणून होत्या. मग ती सवय आजीच्या जिभेला अशी जडली की ज्याला म्हणून टोमणा मारायचा, त्याला तो कोंबड्यांमार्फतच पोचायचा.

लुसुंगू म्सोवोया मलावीच्या वरच्या टोकाची, सरोवराकाठची. पोटातल्या जंतांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात ती काम करायची. घरोघर डब्या वाटायच्या, दुसऱ्या दिवशी भरलेल्या डब्या गोळा करायच्या, बर्फाच्या पेटीत घालून तालुक्याच्या प्रयोगशाळेत धाडायच्या. ज्याच्या डबीत जंतांची अंडी निघतील त्याला गोळी. असं हे काम. सांगायला बसलं की लुसुंगूची आई म्हणायची, "बाई, शेजारणीला मी 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगते." पाऊसकाळापुरती लुसुंगू आजीच्या घराच्या टोकाच्या खोलीत राहत होती. गावाने तिला डॉक्टरीण करून टाकलं होतं. ती डॉक्टर नव्हती, पण दोनदा सांगून झाल्यावर तिनेही नाद सोडला.

चूक झाली ती पहिल्याच दिवशी, आणि ती लुसुंगूचीच होती.

तिच्या मुलखात घर बापाचं. नवऱ्याकडची माणसं गुरं देतात, मुलगी आणतात, आणि मग त्या घरात काही विचारायचं झालं की पुरुषाला विचारायचं. त्याच सवयीने ती मांडीवर कागद घेऊन अंगणात बसली आणि म्हणाली, "घरचा कर्ता कोण?"

आजीची लेक एनेलेसी भोपळ्याच्या पानांच्या शिरा काढत होती, ती काढतच राहिली. आजी पाठ करून बसली होती, ती पाठच राहिली. लामेकने वळून मागे पाहिलं, आपल्यामागे कुणी उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं.

"तुम्हीच ना?" लुसुंगू म्हणाली.

कालुम्बूत लग्न करून आलेला पुरुष म्हणजे घरजावई. एखाददुसरा नव्हे, सगळेच. घर बायकोचं, शेत सासूचं, पोरं बायकोच्या कुळाची, आणि साऱ्यांवर शब्द चालायचा तो बायकोच्या मामाचा. जावयाने झोपडी बांधायची, कुदळ चालवायची आणि कुणी काही विचारलंच तर "मामांना विचारा" म्हणायचं. लामेकला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं असेल तर एवढंच, की कुदळ कुठे ठेवलीस.

"व्हय," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला आवडला असावा, कारण त्याने पुन्हा म्हटलं, "व्हय. मीच."

घराच्या होकाराच्या कागदावर त्याचा अंगठा उठला. प्रकल्पाच्या वतीने घराला साबणाच्या लांब वड्या मिळायच्या, त्या लुसुंगूने कर्त्याच्या हातात दिल्या. लामेकने कोयता मागवला, साबणाचे तुकडे पाडले, आणि एकेकाला नाव घेऊन हाक मारत वाटले. सासूचा तुकडा त्याने कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवला.

त्या दिवसापासून लामेकची चाल बदलली. पावसाआधी तंबाखूच्या मळ्यावर मजुरीला गेला होता, तेव्हा तिथून त्याने गुडघ्याएवढे रबरी बूट आणले होते. एरवी चिखलात घालायचे ते बूट तो आता अंगणातही घालू लागला. घरात खुर्ची एकच होती, वेताची, बूड खोल गेलेली, आणि ती मामा आले की मामांसाठी बाहेर निघायची. लामेक संध्याकाळी तिच्यात बसू लागला. एक दिवस तो कुदळीला म्हणाला, "ह्या वर्षी आधी आपल्या बायकोच्या तुकड्यात मक्याला मातीची भर लावू, मग म्हातारीच्या."

कोंबड्यांनी ते ऐकलं. आजीनेही.

चिसाले मामा, म्हणजे आजीचा भाऊ, तिसऱ्या की चौथ्या दिवशी आले. उन्हातसुद्धा कोट, डोक्यावर टोपी, हातात सायकल. सायकलवर ते बसत नसत, तिला फिरायला आणत. कुंपणाच्या तोंडाशी थांबून त्यांनी अंगणात पाहिलं. खुर्चीत लामेक होता.

लामेक ताडकन उठला. वेताच्या खुर्चीचं बूड त्याच्या बुडाला इतकं सरावलं होतं की खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. पोरं हसली. एनेलेसीने मागून खुर्ची ओढून काढली.

"बस, बस," मामा म्हणाले. "कर्ता मानूस. मी उभा ऱ्हातो. मी काय, पाव्हणा."

"न्हाई मामा, बसा की. ही तुमचीच..."

"माजी कशी? साबण कुणी वाटला म्हणं?"

लामेक बुटांकडे बघू लागला. लुसुंगू उठून नमस्कार करायला पुढे झाली, गुडघ्यात वाकली, दोन्ही हातांनी टाळी वाजवली. मामांनीही वाजवली. "डॉक्टरीणबाई, झोप लागती का आमच्या गावात? डास लई हाईत." बोलणं लोण्यासारखं. लुसुंगूला वाटलं, केवढा गोड म्हातारा.

ती दुसऱ्या आळीत डब्या वाटायला गेली आणि मामांनी बहिणीला, भाचीला, तिच्या तिन्ही पोरांना आंब्याखाली बसवलं.

"लामेकनं शब्द दिलाय," ते म्हणाले, "त्येनं त्येचा पाळावा. पर माझ्या भनीच्या, माझ्या भाचीच्या, तिच्या लेकरांच्या पोटातलं तीळभरसुदीक गावाबाहीर जानार न्हाई. मला न इचारता न्हाई. आन् ह्यातलं अक्षर त्या पोरीच्या कानावर जाता कामा नये. ती पाव्हणी हाय. पाव्हण्याला न्हाई म्हनायचं नसतं."

"मंग डब्या?" एनेलेसीने विचारलं.

"डब्या कर्त्याला इचार."

कर्ता त्या संध्याकाळी खुर्चीत बसला नाही. घराच्या भिंतीशी सहा डब्या ओळीत मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर नाव. तो त्यांच्याकडे बघत उकिडवा बसून राहिला. डब्या रिकाम्या परत द्याव्यात तर डॉक्टरीणबाई म्हणणार, हा कसला कर्ता, ह्याच्या घरात ह्याचं कुणी ऐकत नाही. आणि ते खरंच होतं, पण ते एका बाईने, तेही त्याला कागदावर कर्ता म्हणून लिहून घेणाऱ्या बाईने, बघावं ही कल्पना त्याला सोसेना.

भोपळ्याचे दिवस होते. कणग्यांचा तळ लागलेला, मका अजून कोवळा, घरोघर भोपळ्याशिवाय दुसरं काही शिजत नव्हतं. लामेकने मोठा भोपळा निवडला. तो उकडला आणि एकटा खायला बसला. अर्धा संपला. एनेलेसी बघत होती.

"पोट दुखंल," ती म्हणाली.

"दुखू दे. सहा जणांचं काम हाय."

"अवो, सोडा की नाद."

"एनेलेसी," लामेक तोंडात घास ठेवून म्हणाला, "कुणीतरी मला पयल्यांदा इचारलं, की तू कोण. मी सांगून बसलोय."

एनेलेसीने उरलेला अर्धा भोपळा त्याच्यासमोर सरकवला.

सकाळी लामेक सहाच्या सहा डब्या शर्टात लपवून खड्ड्याच्या संडासाकडे गेला. उन्हं चांगली वर आली तरी परत येईना. हातपंपावरून पाणी आणायला निघालेल्या बायका कुंपणापाशी रेंगाळल्या. संडासातून मधूनच कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. शेवटी तो बाहेर आला तेव्हा घामाने थबथबलेला होता, पाय लटपटत होते, पण तोंडावर जी कळा होती ती गावाने त्याच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"आता म्हातारीची कोणची?" एका बाईने मुद्दाम विचारलं.

"सगळ्यांची हाय," लामेक म्हणाला. "भरपूर हाय."

दुपारपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक झालं. लुसुंगू सोडून. पाहुणीला सांगायचं नाही असं मामांनी म्हटलं होतं, आणि गावाने तेवढं मात्र काटेकोर पाळलं.

लुसुंगूने डब्या मोजल्या आणि तिला भरूनच आलं. एवढ्या घरांत एकही घर असं नव्हतं जिथे कुणी ना कुणी लाजून डबी परत दिली नव्हती. "आजी," ती म्हणाली, "तुमचीसुद्धा! मला वाटलं तुम्ही नाही म्हणणार."

आजी मक्याचं दाणे काढलेलं सुकं कणीस चुलीत सारत होती. "कोंबड्यांनो," ती म्हणाली, "देव भलं करो, ज्यानं दिली त्येचं."

निकाल आला तो वारुळावर. गावात फोनला आवाज येई तो फक्त शाळेमागच्या मोठ्या वारुळाच्या माथ्यावर. लुसुंगू चढून उभी राहिली की खाली ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका धुणं थांबवत. प्रकल्पाच्या डॉक्टर चिर्वांना कमी ऐकू यायचं, म्हणून लुसुंगू ओरडायची.

"सगळे? सहाच्या सहा? एकही अंडं नाही?"

खाली बायकांनी माना वर केल्या.

"भोपळा? हो, भोपळ्याचे दिवस आहेत, डॉक्टर. हो, सगळ्यांनी एकाच प्रमाणात खाल्लेला दिसतोय? एका ताटात जेवतात ना! फार एकीचं घर आहे!"

धुणं खडकावर पडलं. एक बाई ओढ्याकडे तोंड करून वाकली आणि तिचे खांदे गदागदा हलू लागले. दुसरीने पदरासारखं गुंडाळलेलं कापड तोंडात कोंबलं. वर लुसुंगूला वाटलं, आनंदाने रडतायत. तिचेही डोळे पाणावले.

"डॉक्टर म्हणतात," ती खाली उतरून म्हणाली, "ते स्वतः येणार आहेत. अख्ख्या टापूत असं निर्मळ घर दुसरं नाही. दारावर पाटी लावणार, कर्त्याचा सत्कार करणार."

"पाटीवर काय लिवनार?" एकीने कसंबसं विचारलं.

"नाव लिहितील घराचं."

"सहाबी नावं लिवा म्हनावं," ती म्हणाली आणि पाण्यात बसली.

लामेकला मळ्यावर जंतांची गोळी मिळाली होती, आणि हे जंत ओल्या मातीतून अनवाणी पायावाटे शिरतात, तर त्याच्या पायात बूट होते, म्हणून त्याचं पोट साफ होतं. बाकीची पाच पोटं कशी आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्यातलं एक पोट हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

ते मदालोचं. एनेलेसीची धाकटी. पाऊस सुरू व्हायच्या आधी ही पोर शेळीच्या मागे पळायची. आता सावलीत बसायची. बसल्या जागी झोपायची. आणि जागी असली की घराच्या भिंतीला ओलं बोट लावून माती चाटायची. दाराजवळच्या भिंतीत तिच्या उंचीवर एक गुळगुळीत खळगाच पडला होता. लुसुंगूने एकदा तिला मांडीवर घेऊन खालची पापणी ओढून पाहिली. आतून तांबूस असायला हवी, ती मक्याच्या पिठासारखी पांढरी.

लुसुंगू वारुळावर चढली. "डॉक्टर, त्या निर्मळ घरातली धाकटी मुलगी मला बरी दिसत नाही. तिला गोळी देऊ?"

"निकाल काय आहे तिचा?"

"निर्मळ."

"मग गोळी कशी देणार? अभ्यास आहे हा, लुसुंगू. ज्याच्यात सापडलं त्यालाच. आपणच नियम मोडला तर मग सगळे आकडे फुकट. रक्त वाढायचं औषध दे, आरोग्यकेंद्रात मिळेल."

तिने दिलं. आटलेल्या ओढ्यात घोटभर पाणी ओतावं तसं झालं. मदालो औषध पिऊन भिंतीकडे जायची.

शेतात मक्याला भर लावायचं काम निघालं. लुसुंगूचं काम सकाळी उरकलं की तीही कुदळ घेऊन जायची. राहते त्या घरात हात गुंडाळून बसणं तिला जमत नव्हतं. वाकून वरंब्यावर माती ओढायची, गवत उलटं दाबायचं, पुढे सरकायचं. पाठ अशी धरायची की सरळ होताना प्रत्येक मणका वेगळा ऐकू यावा. आजी मात्र वाकली की वाकलीच, तासभर. एका सरीत आजी, मधल्या सरीत लुसुंगू, पलीकडे एनेलेसी. लामेक शेताच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सासूची आणि त्याची गाठ पडू नये. तरी सरी संपता संपता दोघं समोरासमोर आलेच. आजीने चेहरा फिरवला. लामेकने टोपी तोंडावर ओढली आणि आडवाआडवा खेकड्यासारखा बाजूला झाला.

मदालो बांधावरच्या सावलीत झोपली होती. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर सरकली तरी तिने कूस बदलली नाही. एनेलेसी जाऊन तिला सरकवून आली. परत येताना तिने विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमच्याकडं एखादी डबी उरली असंल का? रिकामी?"

"कशाला? मीठ ठेवायला?" लुसुंगू हसली. "आजींनी सांगितलं वाटतं! प्रकल्प संपला की सगळ्या तुम्हालाच देते."

एनेलेसीने कुदळ उचलली. दोन-चार घाव घातले. मग वर न बघता म्हणाली, "तुमच्याकडं घर बाप्याचं असतंय व्हय?"

"मग? बाप्याचंच."

"आन् बाईचा मामा?"

"तो लग्नात जेवून जातो."

एनेलेसी थांबली. आजीही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ज्या तऱ्हेने पाहिलं त्यावरून आपलं काहीतरी चुकलंय हे लुसुंगूला कळलं.

"आमच्याकडं," एनेलेसी मातीला सांगावं तसं म्हणाली, "नवरा कुदळ घिऊन येतो आन् कुदळ घिऊन जातो. शब्द मामाचा असतो. पोरांचाबी मामाच. साबण मामाच्या हातानं वाटत्यात."

लुसुंगू वरंब्यावरच बसली. ती खुर्ची, ते "मी काय, पाव्हणा", ते लोण्यासारखं बोलणं, सगळं तिला एकदम लख्ख दिसलं. "अगं बाई," ती म्हणाली. "आणि हे मला आज सांगताय?"

"तुमी इचारलं न्हाई," एनेलेसी म्हणाली. "तुमी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी लुसुंगू काखेत कोंबडी घेऊन मामांच्या दारात गेली. मामा बांबूच्या ढलप्या काढून नवी कणगी विणत होते. मका घरात यायला अजून अवकाश होता, पण हात रिकामे ठेवणं त्यांनाही जमत नसावं. लुसुंगू जमिनीवर बसली, टाळी वाजवली, आणि आपण अडाणी आहोत, उत्तरेच्या आहोत, आपल्याला कुणी शिकवलं नाही, असं सगळं म्हणून घेतलं.

"छे, छे," मामा म्हणाले. "तुमी शिकलेल्या. कोंबडी कर्त्याच्या घरी न्या."

"मामा, लाजवू नका."

"मी कशाला लाजवू? कागदावर त्येचं नाव हाय. कागद खोटं बोलतो व्हय?" पण बोलता बोलता त्यांनी कोंबडीच्या पायाला दोरी बांधली आणि ती खुंटाला अडकवली. जरा वेळ विणकाम चाललं. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "धाकटी कशी हाय?"

"निकाल चांगला आहे, मामा. पण पोर चांगली नाही. मला काही कळेनासं झालंय."

मामांच्या हातातली ढलपी तशीच राहिली. त्यांनी तोंड उघडलं. लुसुंगू वाट बघत होती. त्यांनी ते मिटलं. "मोठी मान्सं बोलली," ते म्हणाले, "म्हंजी खरंच आसंल." आणि बांबू असा जोरात ओढला की बोटातून रक्त आलं. ते त्यांनी कोटाला पुसलं.

डॉक्टर आले त्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. गाडी ओढ्यापाशी चिखलात रुतली. लामेकने बूट घालून तिला खांदा दिला. गाडीचा आवाज ऐकून अंगणातल्या कोंबड्या जीव घेऊन मक्यात पळाल्या त्या पळाल्याच. सारं गाव आंब्याखाली जमलं होतं. अशी पाटी बघायला कोण येणार नाही?

एनेलेसीने खुर्ची आणली. मामा खुर्चीच्या एका बाजूला उभे राहिले, लामेक दुसऱ्या. दोघांपैकी कुणीच बसेना. शेवटी डॉक्टर चिर्वाच बसले आणि खोल गेले. आजी नेहमीसारखी चटईवर, जावयाकडे पाठ करून. मदालो भिंतीशी.

"तर," डॉक्टर गुडघ्यांवरून डोकावत म्हणाले, "घरचा कर्ता कोण?"

लामेकने मागे वळून पाहिलं. या वेळीही मागे कुणी नव्हतं, पण खुर्चीपलीकडे मामा होते.

"मामा," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "कर्ते मामा हाईत."

"न्हाई, न्हाई," मामा घाईने म्हणाले. "शब्द त्येनं दिलावता. त्येलाच इचारा."

"मामांना कसं डावलू?"

"मी त्येच्यात न्हाई. तोच सांगंल."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यावर नेलं. डॉक्टरांना कमी ऐकू येत असल्याने त्यांना हा नुसता नम्रपणा वाटला. "वा," ते म्हणाले. "असं घर पाहिजे. आता सांगा, काय करता तुम्ही असं? सहा माणसं, आणि सहाही जणांचा निकाल अगदी एकसारखा. मी इतकी वर्षं हे काम करतोय, असं कधी पाहिलं नाही. काय खाता?"

"भोपळा," लामेक म्हणाला.

आता गर्दीला आवरेना. माणसं झाडामागे गेली. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे बघत राहिले.

लुसुंगू हसत नव्हती. तिने भिंतीशी जाऊन मदालोला उचललं. पोरीचं अंग पेंढ्यासारखं हलकं लागलं, ओठांवर भिंतीची माती होती. ती तिला घेऊन खुर्चीसमोर आली आणि अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली.

"डॉक्टर, हे बघा."

डॉक्टरांचं हसू गेलं. ते वाकले. "पण हिचा निकाल..."

"निकालात चूक आहे. कुठे ते मला कळत नाही, पण आहे. डब्या मी गोळा केल्या, नावं मी लिहिली. चूक असेल तर माझी." तिने मदालोला कडेवर वर सरकवलं. "वाटल्यास माझ्या जागी दुसरी कुणी पाठवा. पण हिला गोळी द्या."

पानांवरून थेंब पडत होते ते ऐकू येऊ लागले. एनेलेसी नवऱ्याच्या बुटांकडे बघत होती. लामेक मामांच्या सायकलीकडे. मामा कोटाच्या बाहीवरच्या वाळलेल्या रक्ताकडे. गावातलं एकूण एक माणूस कशाकडे तरी बघत होतं आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.

"कोंबड्यांनो," आजी म्हणाली.

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. अंगणात एकही कोंबडी नव्हती.

नाबांदा आजीने जमिनीला हात टेकला आणि उठली. एक गुडघा, मग दुसरा. मग ती वळली. पूर्ण वळली. जावयासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे सरळ बघू लागली. लामेकचा हात टोपीकडे गेला, पण टोपी ओढायचं त्याला सुचेना. बायकांनी श्वास आत घेतला. मामा म्हणाले, "अगं ए..."

"दिसायला बरा हायस की," आजी लामेकला म्हणाली. मग तिने तशीच, त्याच्याकडे बघतच, आवाज चढवला, बहिऱ्या डॉक्टरलाही ऐकू जाईल असा.

"डॉक्टर, सहाच्या सहा डब्या आमच्या जावयाच्या हाईत. माझ्या नावाचीबी त्येचीच. ह्या पोरीचं अजून कुणी बघितलंच न्हाई."